भूकंप, उपग्रह आणि आपले घर

धरणीकंप झाला की त्याच्यामागून दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न काही तासांतच उभा राहतो. मदत कोणत्या गावी, कोणत्या मोहल्ल्यात आधी पोचवावयाची? दुसरा प्रश्न काही दिवसांनी येतो. कोणाचे घर किती पडले, आणि त्याला काय द्यावयाचे? पहिला प्रश्न घाईचा, तर दुसरा न्यायाचा आहे. अलीकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आकाशातील उपग्रह आणि शिकवून तयार केलेले संगणक देऊ लागले आहेत, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हे साधन काम कसे करते आणि त्याच्यावर कोणत्या प्रश्नापुरता भरवसा ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. संकटात सापडलेल्या कुटुंबांना हात देणे हे ज्या संस्थांचे काम, त्यांच्या सभासदांना हा विषय परका वाटू नये.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला भूकंप ही दूरची गोष्ट वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आपले शहर तापीच्या काठी आहे, आणि तापी व नर्मदा या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांतून जमिनीच्या पोटात जुन्या भेगांचे पट्टे गेलेले आहेत. 1938 साली 14 मार्च रोजी सातपुड्यात सुमारे सव्वासहा प्रतीचा भूकंप झाला. 1997 साली 22 मे रोजी जबलपूरला 5.8 प्रतीचा धक्का बसून सुमारे 40 माणसे दगावली. भारतीय मानक ब्यूरोने 2002 साली काढलेल्या नकाशात आपला भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता. घाबरून जावे असे यात काही नाही. पण माहिती असावी.

मध्यम धोकाही नाही असे ज्या भागाविषयी मानले जात होते, तेथे काय घडले हे महाराष्ट्राने 1993 साली पाहिले. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांचा किल्लारी-सास्तूरकडील प्रदेश त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 30 सप्टेंबरच्या पहाटे चार वाजावयास चार मिनिटे असता तेथे 6.2 प्रतीचा भूकंप झाला. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा धक्का फार मोठा नव्हे. तरीही 8 ते 10 हजार माणसे मेली, कारण लोक झोपेत होते आणि घरे दगडमातीची होती.

ती घरे कशी होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण उपग्रहाला काय दिसेल व काय दिसणार नाही, हे त्यावरूनच ठरते. खानदेशात आपण ज्याला धाब्याचे घर म्हणतो, त्याला मराठवाड्यात माळवद म्हणतात. लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पावसाळ्यात गळू लागले की वर आणखी माती टाकावयाची, आणि अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या छताचा भार वाढत जातो. भिंती दोन-अडीच फूट रुंद, म्हणून भक्कम वाटतात. पण आत पाहिले तर दगडांचे दोन वेगळे पापुद्रे व मध्ये माती-दगडांची भर. दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवील असा आरपार जाणारा लांब दगड सहसा घातलेला नसे. जमीन हलताच हे पापुद्रे सुटले, भिंती आत व बाहेर ढासळल्या, आणि दगडामातीचा तो सारा भार झोपलेल्या माणसांवर आला.

त्या वेळी भारताचे उपग्रह आकाशात नव्हते काय? होते. 1988 साली सोडलेला आय.आर.एस.-1ए आणि 1991 साली सोडलेला आय.आर.एस.-1बी हे पृथ्वीची छायाचित्रे घेत होते. परंतु त्यांची दृष्टी शेते, जंगले व धरणे पाहण्याजोगी होती. उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते; त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. या उपग्रहांच्या चांगल्यातल्या चांगल्या चित्रातही एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरील सुमारे 36 मीटर लांब व तितकाच रुंद तुकडा. तीस फूट बाय चाळीस फुटांची दहा-अकरा घरे एका ठिपक्यात मावतील. मग त्यांतले कोणते पडले, हे कसे कळावे? म्हणून किल्लारीला घराघराची पाहणी माणसांनी पायी फिरूनच केली.

पुढे ही दृष्टी झपाट्याने सुधारली. 1995 च्या डिसेंबरात सोडलेल्या आय.आर.एस.-1सी चा ठिपका 5.8 मीटरांचा होता. वर सांगितलेले घर त्यात जेमतेम तीन ठिपक्यांचे होई. 1999 साली आयकोनॉस हा परदेशी खाजगी उपग्रह सुमारे एक मीटरचा ठिपका घेऊन आला. घराचे शंभरावर ठिपके झाले. 2001 च्या 26 जानेवारीस कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आकाशातून एकेक इमारत पाहणे शक्य झालेले होते. आणि 2019 साली सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-3 चा ठिपका तर पाव मीटरच्या आसपास आहे. आता त्याच घरावर हजाराहून अधिक ठिपके पडतात, आणि ओसरीपुढे पडलेला दगडांचा ढीगही ओळखता येतो.

चित्रे मिळण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत करारही झालेला आहे. मोठी आपत्ती आली असता निरनिराळ्या देशांच्या अवकाशसंस्थांनी आपल्या उपग्रहांची चित्रे विनामूल्य द्यावी, अशी ती व्यवस्था 2000 सालापासून चालू आहे, व आपली इस्रो 2001 पासून तिच्यात आहे. देशातील अशा चित्रांचे काम हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पाहते.

चित्रे आली तरी ती वाचावयाची कोणी? एका शहरात लाखभर इमारती असल्या, तर प्रत्येकीचे आधीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवून निर्णय देण्यास माणसांची फौज लागते. 2010 च्या जानेवारीत हैती देशात भूकंप झाला, तेव्हा खरोखरच अशी फौज उभी करण्यात आली. सहाशेहून अधिक जाणकारांनी आपापल्या देशांत बसून पडलेल्या इमारती चित्रांवर खुणा करून मोजल्या. काम मोलाचे झाले; पण दर भूकंपाला इतकी माणसे मिळणे कठीण. यास्तव हे वाचन संगणकाला शिकविण्याची कल्पना पुढे आली. यालाच यंत्रशिक्षण म्हणतात.

संगणकाला शिकवावयाचे म्हणजे काय? आम्हा शिक्षकांना ही गोष्ट समजण्यास सोपी आहे. मुलाला आपण अक्षराची व्याख्या सांगत नाही. ‘क’ हे अक्षर शंभर वेळा दाखवितो, व चुकला की सांगतो. संगणकालाही पडलेल्या घराची व्याख्या सांगत नाहीत. आपत्तीपूर्वीचे व आपत्तीनंतरचे चित्र अशी हजारो जोड चित्रे त्याच्यापुढे ठेवतात. प्रत्येक इमारतीवर जाणकाराने आधीच उत्तर लिहिलेले असते: हानी नाही, थोडी हानी, मोठी हानी, पूर्ण नाश. संगणक अंदाज करतो, उत्तराशी ताडून पाहतो, आणि चूक झाली असेल तर आतील आकडेमोडीतील वजने किंचित बदलून पुन्हा अंदाज करतो. असे लक्षावधी वेळा झाले म्हणजे कडा तुटणे, सावली आखूड होणे, छताचा सलग रंग जाऊन तेथे राडारोड्याचा खरबरीतपणा येणे, अशा खुणा त्याला आपोआप सापडू लागतात. शेवटी त्याने पूर्वी कधीही न पाहिलेली चित्रे देऊन त्याची परीक्षा घेतात.

2019 साली अमेरिकेत अशा धड्यांचा एक मोठा संग्रह तयार करून सर्वांसाठी खुला करण्यात आला. त्यात 19 आपत्तींतील साडेआठ लाख इमारती आहेत. त्यावर शिकलेले संगणक पुढे खऱ्या संकटांत वापरले गेले. 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपात त्यांनी कामगिरी केली. 2025 च्या 28 मार्चला ब्रह्मदेशात 7.7 प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा थोड्याच दिवसांत संगणकाने सांगितले की, मंडाले शहरातील 515 इमारतींची 80 ते 100 टक्के व आणखी 1,524 इमारतींची 20 ते 80 टक्के हानी झाली आहे. जेथे यादवीमुळे बाहेरच्या माणसाला पाऊल टाकणे कठीण, तेथे एवढी माहिती मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

ढग असले किंवा रात्र असली तर छायाचित्र निघत नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीचे उपग्रह असतात. ते स्वतःच रडारच्या लहरी खाली सोडतात व परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. या लहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना उजेडही लागत नाही. उभ्या भिंतींचा प्रतिध्वनी एका विशिष्ट तऱ्हेने येतो. तेथे ढिगारा झाला की तो विस्कटतो. आधीच्या व नंतरच्या प्रतिध्वनींचा मेळ जेथे बसत नाही, तो भाग नकाशावर लाल रंगवावयाचा, अशी ही रीत. 2015 च्या नेपाळच्या भूकंपात असे नकाशे तयार झाले होते. 2025 च्या 30 जुलैला भारत व अमेरिका यांनी मिळून श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा उपग्रह याच जातीचा आहे. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून फिरून जातो. मात्र रडार बहुधा वस्तीचा तुकडा दाखविते. त्यातील नेमके घर सांगणे त्याला जड जाते.

येथपर्यंत साधनाचे गुण झाले. आता त्याच्या मर्यादा पाहू.

पहिली गोष्ट गुणांची. ‘हा संगणक शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर असतो,’ असे कोणी सांगितले तर लगेच मान डोलवू नये. समजा, एका गावात एक हजार घरे आहेत व त्यांतली पन्नास पडली आहेत. एखाद्या आळशी संगणकाने डोळे मिटून ‘सर्व घरे उभी आहेत’ असे उत्तर दिले, तरी साडेनऊशे घरांबाबत ते बरोबर ठरून त्याला पंचाण्णव टक्के गुण मिळतील. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती पन्नास घरे एकही न सापडता राहून जातील. म्हणून दोन प्रश्न विचारावे. खरोखर पडलेल्या घरांपैकी किती त्याला सापडली? आणि त्याने पडलेली म्हणून दाखविलेल्यांपैकी खरोखर किती पडली होती? पहिल्या चुकीने कोणी ढिगाऱ्याखाली राहतो, तर दुसऱ्या चुकीने मदतीची गाडी नको त्या गल्लीत जाते.

दुसरी गोष्ट धड्यांची. मूल ज्या पुस्तकावर शिकले, त्यातलेच त्याला येते. वर सांगितलेल्या मोठ्या संग्रहातील बहुतेक चित्रे वादळे, महापूर व वणवे यांची आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी अमेरिकेतील आहेत. तेथे घरे सुटी सुटी असतात, भोवती हिरवळ असते, छताचा रंग जमिनीहून वेगळा असतो. आपल्याकडे काय दिसते? धाब्याचे घर पडले तर माती मातीत मिसळते. वरून पाहणाऱ्याला आधी मातकट चौकोन होता, नंतर मातकट ढीग आहे, एवढाच फरक. आपल्या शहराच्या जुन्या भागात तर घराला घर लागून, एका भिंतीवर दोघांची छते, कोठे कवेलू, कोठे पत्रा, कोठे स्लॅब. अशी संबंध ओळ संगणक एकच इमारत समजण्याचा संभव असतो. आपली घरे ओळखावयास शिकवावयाचे असेल, तर आपल्याच घरांची उदाहरणे त्याच्यापुढे ठेवावी लागतील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उपग्रह वरून पाहतो, म्हणून त्याला छत दिसते; भिंत फारशी दिसत नाही. भूकंपात मात्र आधी भिंतच फुटते. अभियंते घराच्या हानीच्या पाच पायऱ्या मानतात. शेवटच्या दोन पायऱ्या, म्हणजे मोठी पडझड व पूर्ण नाश, वरून बऱ्यापैकी ओळखता येतात. पहिल्या तीन पायऱ्यांत छत जागेवर असते आणि भेगा असतात भिंतीत; त्या आकाशातून जवळजवळ दिसतच नाहीत. कित्येकदा तर पूर्ण नाशही लपतो. 2001 साली अहमदाबादेत, भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरांवर, खालचा मजला वाहनांसाठी मोकळा सोडलेल्या बहुमजली इमारती कोसळल्या. अशा इमारतीचा तळमजला चिरडला जाऊन वरचे मजले तसेच्या तसे खाली बसले, तर सरळ वरून पाहणाऱ्याला गच्ची शाबूत दिसते. आपल्या शहरातील कुंडी भंडाऱ्याच्या जमिनीखालील बोगद्यांचे काय झाले, हे तर कोणताही कॅमेरा वरून सांगू शकणार नाही.

या मर्यादेचे मोल किल्लारीच्या उदाहरणाने कळते. तेथील 52 गावे पार उद्ध्वस्त झाली व ती नव्या जागी वसविण्यात आली. आजचा उपग्रह त्या वेळी असता, तर ही गावे त्याने पहिल्याच फेरीत दाखविली असती, आणि त्या पहाटेचे कित्येक मोलाचे तास वाचले असते. परंतु जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम केला, त्यात नव्याने बांधलेल्या घरांपेक्षा जागच्या जागी दुरुस्त व मजबूत केलेली घरे कितीतरी पट अधिक होती. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. भिंतींना भेगा गेलेल्या, कोपरे सुटलेले, पण छत वर टिकून असलेले, अशी ही घरे. कोठे छतावरची माती कमी केली, कोठे भिंतीत आरपार दगड बसविले, कोठे सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरविला. आकाशातील नकाशावर या घरांपैकी बहुतेकांपुढे ‘हानी नाही’ असेच लिहिले गेले असते. नुसत्या त्या नकाशावरून यादी केली असती, तर लाखावर कुटुंबे मदतीवाचून, व पुढच्या धक्क्याची वाट पाहणाऱ्या भिंतींच्या आड राहिली असती.

म्हणून या साधनाविषयी सांगावयाचे ते इतकेच. आधी कोठे धावावे, हे सांगण्यास उपग्रह व संगणक यांच्यासारखा दुसरा सोबती नाही. पण कोणाला काय मिळावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना देऊ नये. नकाशावर लाल दिसणाऱ्या घराकडे आधी जावे. हिरवे दिसणाऱ्या घराकडेही जावेच, फक्त नंतर. आणि यादीत नाव नाही म्हणून आलेल्या माणसाला ‘नकाशात तुझे घर उभे आहे’ असे सांगून परत पाठवू नये. त्याच्याबरोबर जाऊन भिंत पाहावी.

याच्या पूर्वतयारीस मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराची चारही बाजूंची व आतील भिंतींची छायाचित्रे तारखेनिशी काढून ठेवावी. आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. भिंत कशाची, छत कशाचे, मजले किती, बांधकाम कोणत्या सालचे, आणि रात्री आत किती माणसे निजतात, याची मोहल्लावार नोंदवही करावी, व तिची एक प्रत शहराबाहेर असावी. भाडेकरूचे नाव घरमालकाच्या नावाबरोबर लिहावे. कारण मदतीच्या यादीत भाडेकरू नेहमी मागे राहतो. यंत्रमागाचे कारखाने वेगळे नोंदवावे, कारण तेथे रात्रपाळीतही माणसे असतात. संकटाच्या दिवशी आकाशातून नकाशा येईल तेव्हा ही वही त्याच्या शेजारी उघडून ठेवता येईल. नकाशा छत दाखवील. छताखाली कोण आहे व भिंत कशाची आहे, हे वही सांगेल.

त्याहूनही चांगले काम म्हणजे भिंत आजच पाहणे. धाब्यावर दरवर्षी माती चढत असेल तर ती कमी करावी. कोपऱ्यात उभी भेग असेल तर जाणत्या मिस्त्रीला किंवा अभियंत्याला दाखवावी. नवे घर बांधताना दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालावयास विसरू नये. त्याला थोडेसे लोखंड व सिमेंट अधिक लागते. पण धक्का बसल्यावर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात, आणि आतल्या माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.